कोपऱ्यातली सही

मुबारक शिडी धरून खालून विचारतो,
"काका, तिकडं काय बघितलं सांगा की."
मारुती चौकात ऊन चढलंय.
डब्यात निळा रंग, त्यावर साय.

काय सांगू.
त्रिशलानं सकाळच्या गाडीत बसवलं,
संध्याकाळच्या गाडीनं परत आणलं.
लायडन म्हणजे एका दिवसाचं गाव.
विद्यापीठ साडेचारशे वर्षांचं म्हणे,
आणि पोरं सायकलवर, एका हातानं पाव खात.

पाणी गल्लीगल्लीतनं,
पण कसं, ताटात वाढल्यासारखं.
काठाला कठडा नाही
तरी कुणाच्या उंबऱ्याआत पाऊल नाही.
पुलावर मी बराच वेळ उभा.
जावई म्हणाले, "मामा, काय पडलं का खाली?"
म्हटलं, ह्या पाण्याला दम कोण देतं?

दुपारी काठावर भडंगाची पुडी सोडली.
लसूण वाऱ्यावर गेला
आणि चार बदकं सरळ आमच्याकडं,
गणपती पेठेतल्या गिऱ्हाइकासारखी,
आधी चव, मग भाव.

तिथं भिंतींवर कविता आहेत.
दोन दोन मजली, कुठल्या कुठल्या लिपीत.
त्रिशला फोनात बघून अर्थ सांगत होती,
मी ऐकत नव्हतो.
मला ती अक्षरं येत नाहीत, हात वाचता येतो.
ह्या वळणाला ब्रश भरून घेतलाय.
इथं शिडी सरकवली.
इथं जेवायची वेळ झाली असणार, ओळ जरा उतरलीय.
मराठी मला कुठं दिसली नाही.
शोधली, म्हणजे चार गल्ल्या शोधली.
पाय दुखत होते.

मग ती खोली.
जुन्या इमारतीत, जिना चढून.
तिला घामाची खोली म्हणतात.
निकालाआधी पोरं तिथं बसून घाम गाळायची,
पास झालं की भिंतीवर सही.
सहीच्या खांद्यावर सही, पार वरपर्यंत.
मी नॉन-मॅट्रिक.
पण सांगलीतल्या तीन कॉलेजांचे बोर्ड माझ्या हातचे.
प्राचार्य अमुक, ह्या सालापासून त्या सालापर्यंत, सोनेरी.
कुणी गेलं की नावाआधी 'कै.' घालायला
मलाच बोलावतात.
खिशात पेन्सिल होती.
इथं कानावर असते, तिकडं लाजून खिशात ठेवलेली.
हात गेला, थांबला, परत आला.
आपला पेपर कुठं झालाय तिथं.

"काका, रेघ," मुबारक म्हणतो.
एकोणीस सालच्या पाण्याची रेघ.
नव्या गिलाव्याखाली जुनी गेली,
दारावरच्या खिळ्यावरून माप घेतलंय.
मालक बाहेर येतात, आवाज खाली करून,
"वीतभर खाली घ्या की.
नवा भाडेकरू बिचकतोय."

वीतभर.
ह्याच बोळात माझं दुकान, मागं घर.
त्या शेवटच्या वितीत फळीवरचे ब्रश गेले,
पत्र्याची स्टेन्सिलं, त्रिशलाचा दहावीचा फोटो.
डब्यांची झाकणं सुटली
आणि खोलीभर पाण्यावर
लाल, पिवळी, मोरपंखी साय गोल गोल फिरायला लागली.
त्रिशलाची आई माळ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली.
म्हणाली, "बरं दिसतंय की."
हसलो होतो आम्ही.
खरंच हसलो होतो.

सुतळीला नीळ लावून रेघ मारली,
होती तिथं.
मालकांनी बघितलं, आत गेले.
मजुरीतले शंभर बहुतेक कापतील.
खाली तारीख. आकडे जाड,
रिक्षातून जाणाऱ्यालाही दिसावेत असे.
त्यावर मी ब्रश पिळून टोक बारीक केलं
तर मुबारक म्हणतो,
"पुराला सही कोण करतंय, काका?"

ऊन समोरून.
मानेवरचा घाम कॉलरमध्ये.
उजव्या कोपऱ्यात, करंगळीच्या नखाएवढं,
धनपाल आर्ट, सांगली.